कोराईगडावरची तोफ आणि तिच्या गोळ्याभोवतीची फट

मार्च १८१८. तिसरे इंग्रज-मराठा युद्ध शेवटाकडे झुकले होते. कर्नल प्रॉथर याची फौज मावळातले किल्ले एकापाठोपाठ एक घेत निघाली होती. लोहगड, विसापूर हाती आल्यावर ११ मार्चला ती मुळशी तालुक्यातल्या कोराईगडासमोर, आजच्या पेठ शहापूरच्या परिसरात उभी राहिली. तीन दिवस मारा चालला. १४ मार्चला गडावरच्या दारूकोठाराने पेट घेतला आणि गड शरण आला. पुढे घनगड, आणि मे महिन्यात रायगड.

कोराईगडावर आजही तोफा आहेत. कोराईदेवीच्या मंदिराजवळ असलेली सर्वांत मोठी तोफ लक्ष्मी या नावाने ओळखली जाते. आजच्या धाग्याचा प्रश्न या तोफेच्या तोंडाशी उभे राहून विचारण्याजोगा आहे आणि वरकरणी पोरकट वाटेल असा आहे. तोफेच्या नळीचा आतला व्यास समजा १०० मिलिमीटर आहे. तर तिच्यात जाणाऱ्या गोळ्याचा व्यास किती?

१०० मिलिमीटर, हे उत्तर चुकीचे आहे. १०० च्या नळीत १०० चा गोळा जात नाही. गेलाच तर परत येत नाही.

संगणकावर त्रिमितीय आराखडे काढणाऱ्या, म्हणजे कॅड वापरणाऱ्या प्रत्येक नवशिक्याला हा धडा पहिल्याच आठवड्यात मिळतो. पडद्यावर १० मिलिमीटरचे भोक काढावे, १० मिलिमीटरची पिन काढावी, दोन्ही एकमेकांत बसवावीत. संगणक कुरकुर न करता बसवून दाखवतो, कारण गणितातल्या दोन पृष्ठभागांना एकाच जागी असण्याची मुभा असते. तीच पिन व तोच ठोकळा यंत्रावर कापून घेतला की ते एकमेकांत शिरत नाहीत. मग आराखड्यात दोहोंमध्ये जाणूनबुजून जागा ठेवावी लागते. कारखान्यात तिला क्लिअरन्स म्हणतात. मी या धाग्यात 'वाव' म्हणेन. शब्द आपलाच आहे आणि नेमका आहे. जात्याच्या वरच्या पाळूचे भोक आणि खुंटा यांच्यात असा वाव नसेल तर जाते फिरत नाही, जास्त असेल तर पाळू डुगडुगते. हे टाकीवाल्याला कोणत्याही संगणकाशिवाय ठाऊक होते.

तोफेच्या बाबतीत या वावाला एक इतिहास आहे आणि तो १८१८ पर्यंत, १८५७ पर्यंत आणि तिथून थेट पिरंगुटच्या कारखान्यांपर्यंत येतो. आपल्याकडे तोफांची चर्चा वजन, लांबी, पल्ला आणि नाव यांवर थांबते. गोळा आणि नळी यांमधली रिकामी जागा कुणी मोजत नाही. माझ्या मते पुष्कळ उत्तरे त्या रिकाम्या जागेतच पडून आहेत.

आधी हा वाव लागतच का होता, ते पाहू.

जुनी तोफ तोंडाकडून भरली जाई. दारूची थैली, तिच्यावर बोळा, मग गोळा, आणि हे सारे लांब दांड्याने तळापर्यंत ढकलायचे. नळी आतून पूर्ण सरळ व गोल असेल तर काम सोपे. पण ती तशी नसे. तोफ ओतताना साच्याच्या मध्यभागी मातीचा गाभा उभा करीत आणि त्याच्याभोवती वितळलेला धातू सोडीत. तापलेल्या धातूच्या दाबाने गाभा किंचित जरी हलला तरी नळी वाकडी होई. लोखंडी पट्ट्या जुळवून त्यांवर कडी ठोकून घडवलेल्या तोफांची आतली बाजू तर त्याहून ओबडधोबड. गोळाही काही आदर्श नसे. दोन अर्ध्या साच्यांत ओतलेल्या लोखंडी गोळ्याला जोडावर कंगोरा राही. दगडी गोळा छिन्नीने घडलेला, म्हणजे एका बाजूला मोजला तर एक व्यास, दुसऱ्या बाजूला दुसरा.

यात सह्याद्रीच्या पावसाची भर घाला. चार महिने भिजलेल्या लोखंडी गोळ्यावर गंजाचे पापुद्रे चढतात, गोळा 'मोठा' होतो. गंज लागू नये म्हणून रंग द्यावा, तर रंगाचीही जाडी असते. शिवाय काळी दारू जळल्यावर निम्म्याहून अधिक भाग काजळी व क्षार होऊन मागे उरतो. दहा-बारा बार झाले की नळी आतून अरुंद होऊ लागते. आणि उष्णता. काही वेळा लाकडी जहाजे वा छपरे पेटवण्यासाठी गोळा भट्टीत लाल करून डागत. लोखंड तापले की फुगते. १४० मिलिमीटरचा गोळा आठशे अंशांनी तापवला तर त्याचा व्यास सव्वा मिलिमीटरच्या आसपास वाढतो. थंड असताना अगदी बेताने जाणारा गोळा लाल झाल्यावर वाटेतच अडकणार. अडकलेला गोळा आणि त्याच्या मागे दारू, ही अवस्था तोफेच्या गोलंदाजासाठी शत्रूहून भयंकर, कारण तोफ फुटते ती अशीच.

तेव्हा वाव हा निष्काळजीपणा नव्हता. आपल्याला जे मोजता येत नाही आणि जे सांभाळता येत नाही, त्या सगळ्याची बेरीज करून ठेवलेली ती जागा होती.

या जागेची किंमत मात्र जबर होती. अठराव्या शतकातल्या इंग्रजी तोफांत नळी व गोळा यांच्या व्यासांचे प्रमाण २१ ला २० असे धरत. चोवीस पौंडी तोफेची नळी ५.८२४ इंचांची, गोळा ५.५४७ इंचांचा. मेट्रिकमध्ये सुमारे १४८ आणि १४१ मिलिमीटर. फरक सात मिलिमीटर. सात मिलिमीटर म्हणजे काय फार, असे वाटेल; पण क्षेत्रफळ काढून पाहा. व्यासांच्या वर्गांत फरक करायचा असतो, त्यामुळे नळीच्या तोंडाचा नऊ टक्क्यांहून थोडा अधिक भाग उघडाच राहतो. गोळ्याभोवतीची ती कडी गोळा करून एका जागी आणली, तर पंचेचाळीस मिलिमीटर व्यासाचे भोक होते. दारूच्या वायूला गोळा ढकलण्याऐवजी निसटून जायला एवढे मोठे दार मोकळे.

इथे एक गंमत लक्षात घ्यावी, कारण कॅड शिकणारे आणि इतिहास लिहिणारे दोघेही इथेच अडखळतात. सात मिलिमीटर हा फरक व्यासावरचा आहे. गोळा नेमका मध्यभागी तरंगत असता तर प्रत्येक बाजूला साडेतीनच आले असते. पण गोळा तरंगत नाही, तो तळाशी टेकतो. म्हणजे खाली शून्य आणि वर पूर्ण सात. वायू वरून सुटतो, गोळ्याला खाली दाबतो, गोळा आपटून उसळतो, मग वरच्या बाजूला आदळतो, पुन्हा खाली. नळीच्या तोंडापर्यंत तो असा ठेचकाळत जातो आणि शेवटची ठेच ज्या बाजूला लागेल तिच्या उलट दिशेला किंचित वळून बाहेर पडतो. सारख्याच दारूने, सारख्याच नेमाने डागलेले दोन गोळे एका जागी का पडत नसत, याचे मोठे कारण हे आहे. गोलंदाजाच्या कौशल्याचा त्यात दोष नव्हता.

चार्ल्स हटन हा वूलिचच्या लष्करी अकादमीत गणिताचा प्राध्यापक होता. १७८० च्या दशकात त्याने लंबकावर गोळे डागून त्यांचे वेग मोजले आणि निष्कर्ष काढला की नेहमीच्या वावामुळे दारूचा चौथा ते तिसरा हिस्सा वाया जातो. याचा अर्थ रणांगणावर वाहून नेलेल्या दर चार पिंपांपैकी एक निव्वळ फटीतून हवेत जात होते. त्याच सुमारास स्कॉटलंडच्या कॅरन कारखान्याने एक आखूड, हलकी तोफ बाजारात आणली. तिच्या नळीत वाव नेहमीच्या साधारण निम्मा होता. त्यामुळे दारू कमी लागे, नळीच्या भिंती पातळ चालत, आणि तेवढ्याच वजनाचा गोळा लहान जहाजही डागू शके. आखूडपणामुळे तिचा पल्ला कमी होता, हेही खरे. पण फट कमी केली की पूर्ण यंत्राचा आकार बदलतो, हे तिने दाखवून दिले.

आता आपल्याकडे वळू.

'मराठ्यांच्या तोफा मागासलेल्या होत्या म्हणून राज्य गेले' असे वाक्य शाळेपासून आपल्या कानावर पडते. हे वाक्य मला पटत नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला, आजच्या जालना जिल्ह्यात, वेलस्लीने शिंद्यांच्या शंभराच्या आसपास तोफा ताब्यात घेतल्या. त्या इतक्या चांगल्या होत्या की इंग्रजांनी त्यांतल्या काही स्वतःच्या सेवेत घेतल्या. महादजी शिंद्यांच्या काळात द बॉइन आणि सँगस्टर यांच्या देखरेखीखाली आग्र्याला ज्या ओतशाळा चालल्या, त्यांची कामगिरी युरोपीय ओतशाळांच्या तोडीची होती. युद्धाच्या त्या दिवशी इंग्रजी फौजेचे जे प्रचंड नुकसान झाले, ते याच तोफांनी केले.

मग अडचण कुठे होती? शिंद्यांची फौज हा मराठी लष्कराचा एक भाग. कोराईगडासारख्या डोंगरी किल्ल्याची गोष्ट निराळी. किल्ल्यांवरच्या तोफा निरनिराळ्या काळांतल्या, निरनिराळ्या ओतशाळांतल्या. काही घडवलेल्या, काही ओतलेल्या, काही युरोपीय वखारवाल्यांकडून विकत घेतलेल्या, काही लढाईत मिळालेल्या. एखाद्या गडावर सहा तोफा असतील तर तोंडांचे सहा व्यास असू शकतात. अशा ठिकाणी गोळा हा त्या तोफेचाच असतो. शेजारच्या तोफेत तो एक तर जाणार नाही किंवा खडखडत जाईल. आणि गडकऱ्याला बाहेरून गोळे मागवायचे झाले, तर ओतणाऱ्याला नक्की काय कळवायचे? वजन कळवले तर व्यास कळत नाही, कारण दगडाचा व लोखंडाचा गोळा एकाच वजनाचा असून आकाराने फार वेगळा. अशा स्थितीत शहाणा माणूस थोडा लहानच गोळा मागवील. वाव वाढतो तो असा. अज्ञानातून नव्हे, खबरदारीतून.

या प्रश्नावरचे उत्तर फ्रान्समध्ये ग्रिबोव्हाल या सेनाधिकाऱ्याच्या सुधारणांत सापडले. साल १७६५. त्याने तोफांचे प्रकार कमी केले, भरीव ओतून मग आतून कोरलेली नळी सक्तीची केली, आणि गोळे तपासण्याची रीत बदलली. पूर्वी तपासनीस एक लोखंडी कडे घेऊन बसे. गोळा कड्यातून गेला की पास. यात एक पळवाट होती. कारखानदार गोळा मुद्दाम लहान करी, तो कड्यातून हमखास जाई, आणि वाव वाढल्याचा भुर्दंड सैन्याला. ग्रिबोव्हालच्या पद्धतीत कडी दोन झाली. मोठ्या कड्यातून गोळा कोणत्याही बाजूने गेलाच पाहिजे, लहान कड्यातून कोणत्याही बाजूने जाता कामा नये. बस्स. आज पिरंगुट-भूगावच्या पट्ट्यातल्या कुठल्याही यंत्रशाळेत 'गो' आणि 'नो-गो' गेज दिसेल, एक टोक जाणारे आणि एक टोक न जाणारे. ते या दोन कड्यांचेच वंशज आहे. मला स्वतःला असईच्या तोफांपेक्षा ही दोन कडी जास्त महत्त्वाची वाटतात. तोफ उत्तम ओतणारा एखादा कारागीर कुठेही निर्माण होतो. शंभर कोसांवरच्या दोन अनोळखी कारागिरांनी केलेला गोळा आणि नळी एकमेकांत नेमक्या वावाने बसणे, यासाठी मात्र दोघांनी मान्य केलेले कडे लागते, आणि ते कडे राखणारी यंत्रणा लागते.

तोफेची नळी कोरण्याची विद्या लढाईपुरती राहिली नाही. इंग्लंडच्या जॉन विल्किन्सनने १७७४ मध्ये तोफा कोरण्याच्या नव्या रीतीचे पेटंट घेतले. त्याच वेळी जेम्स वॉट आपल्या वाफेच्या इंजिनाशी झगडत होता; त्याला हवा तसा गोल सिलिंडर कुणालाच करता येत नव्हता, दट्ट्या आणि सिलिंडर यांच्या फटीतून वाफ निसटत होती. तोफेत गोळ्याभोवतून वायू निसटतो तसाच हा प्रकार. विल्किन्सनने कोरण्याचा दांडा सिलिंडरच्या आरपार घालून दोन्ही टोकांना आधार दिला, त्यामुळे तो झुकेना. १७७६ मध्ये वॉटचा भागीदार बोल्टन याने समाधानाने नोंदवले की पन्नास इंची सिलिंडरमध्ये कुठेही जुन्या शिलिंगच्या नाण्याच्या जाडीएवढीही चूक नाही. सव्वा मीटरहून मोठ्या व्यासावर एका नाण्याची जाडी! आजच्या मानाने हे ढिसाळ आहे. त्या काळी यावर औद्योगिक क्रांतीचे इंजिन चालू लागले.

इथवर वाचून असे वाटेल की इतिहास म्हणजे फट कमी करत जाण्याची वाटचाल. १८५७ हा त्यावरचा उतारा आहे.

त्याआधीच्या इंग्रजी मस्केटीची नळी पाऊण इंचाची आणि गोळी ०.६९ इंचाची असे. दीड मिलिमीटरचा ऐसपैस वाव. गोळी टाकली की आपोआप खाली घरंगळे. नेम वाईट, पण भरणे झटपट. नव्या १८५३ च्या एन्फिल्ड रायफलीत नळीला आतून पीळ होता आणि गोळीने तो पीळ धरणे आवश्यक होते. नळी ०.५७७ इंच, गोळी ०.५६८ इंच. फरक एक चतुर्थांश मिलिमीटरहूनही थोडा कमी. गोळीचे बूड पोकळ असे. दारू पेटली की ते फुगून नळीला चिकटे आणि फट बुजून जाई. भरताना वाव, डागताना शून्य. युक्ती अप्रतिम होती. पण भरतेवेळच्या त्या चिमुकल्या फटीत काजळी साचली की गोळी जाईना, म्हणून काडतुसाच्या गोळीकडच्या कागदाला वंगण लावणे भाग पडले. ते वंगण कशाचे, हा प्रश्न जानेवारी १८५७ मध्ये डमडमला विचारला गेला, आणि पुढचे आपल्याला ठाऊक आहे.

उठावाची कारणे अनेक होती. खालसा केलेली संस्थाने, भत्ते, जमिनी, धर्माविषयीचे भय. एका काडतुसावर सगळे लादणे हा भाबडेपणा होईल. तरी काडतुसाला चरबी 'का' लावली होती, हा प्रश्न आपल्या पुस्तकांत सहसा विचारलाच जात नाही, जणू ती केवळ कुणाची खोडी होती. तिचे कारण ०.००९ इंचांत आहे. आणि कथेचा उत्तरार्ध त्याहून बोलका आहे: हिंदुस्थानच्या उन्हात, प्रत्यक्ष लढाईत, खुद्द गोऱ्या शिपायांना त्या रायफली भरणे जड जाऊ लागले. १८५९ च्या सुमारास गोळीचा व्यास ०.५५ इंचांवर आणला गेला. हिशोब केला तर वाव बरोबर तिप्पट झाला. एन्फिल्डच्या थंड हवेत, स्वच्छ नळीत, नव्या गोळ्यांनी ठरवलेला आकडा इथल्या मे महिन्यात टिकला नाही.

त्यानंतर दहा वर्षांनी, १८६९ मध्ये, पुण्याजवळ खडकीला दारूगोळा कारखाना सुरू झाला. काडतुसे आता इथेच, इथल्या हवेत तयार होऊ लागली. गेज, मापे आणि 'इतके इकडे, इतके तिकडे चालेल' ही भाषा पुण्याच्या कारागिरांच्या अंगवळणी पडली ती अशा कारखान्यांतून. पुढे पुणे-पिंपरी परिसरात इंजिने, स्कूटर आणि मोटारी बनू लागल्या, त्यांना लागणाऱ्या सुट्या भागांचे छोटे कारखाने मुळशीच्या पौड रस्त्यावर पिरंगुटपर्यंत पसरले, आणि वावाचा विचार मिलिमीटरमधून मायक्रॉनमध्ये शिरला. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे २५ मिलिमीटरचे भोक 'एच-७' म्हटले की ते २५.००० ते २५.०२१ च्या मध्ये हवे. त्यात सहज सरकणारा दांडा 'जी-६' म्हटला की तो २४.९८० ते २४.९९३ च्या मध्ये. दोहोंमधला वाव ७ ते ४१ मायक्रॉन. चोवीस पौंडी तोफेचा वाव ७,००० मायक्रॉन होता. नीट पाहिले तर हे आकडेही ग्रिबोव्हालच्या दोन कड्यांसारखेच आहेत: एक मोठे, एक लहान, आणि मधल्या जागेत राहण्याची परवानगी.

कॅडमध्ये वाव देताना आणखी एक निर्णय घ्यावा लागतो: तो कुणाच्या अंगावर टाकायचा? भोक मोठे करायचे की पिन बारीक? जुन्या इंग्रजी तोफखान्यात गोळा मूळ धरला जाई. 'चोवीस पौंडी' हे तोफेचे नाव मुळात गोळ्याच्या वजनाचे. त्या गोळ्यावरून नळी काढायची आणि वाव नळीत घालायचा. आजच्या यंत्रशाळेत बहुधा उलट करतात. भोक ठरावीक मापाच्या अवजाराने पाडले जाते, ते अवजार बदलणे महाग. दांडा मात्र हवा तेवढा घासता येतो. म्हणून भोक मूळ, आणि वाव दांड्यात. घरच्या त्रिमितीय छपाई यंत्रावर खेळणाऱ्यांना प्लॅस्टिकचा थर पसरतो हे जमेस धरून दर बाजूला साधारण ०.२ ते ०.३ मिलिमीटर सोडावे लागतात. कोराईगडाच्या तोफेची प्रतिकृती छापणार असाल तर ध्यानात ठेवा: तोफ दहा पट लहान केली की आराखड्यातला सात मिलिमीटरचा वाव ०.७ होतो, पण यंत्राची चूक दहा पट लहान होत नाही. वाव प्रमाणात लहान करता येत नाही. तो पुन्हा ठरवावा लागतो.

हाच हिशोब उलटा फिरवून इतिहासाला वापरता येतो. समाजमाध्यमांवर 'या तोफेचा गोळा अमुक किलोचा' अशी विधाने तोंडाच्या व्यासावरून केलेली दिसतात. १०० मिलिमीटरच्या नळीत १०० चा लोखंडी गोळा धरला तर वजन पावणेचार किलो येते. २१:२० चे प्रमाण लावून गोळा ९५ चा धरा. वजन सव्वातीन किलोच्या आत येते. अर्ध्या किलोचा फरक, केवळ फट विसरल्यामुळे. शिवाय झिजलेल्या तोंडावर मोजलेला व्यास खऱ्या व्यासाहून मोठा असतो, तेव्हा शक्य असेल तर थोडे आत मोजावे. आणि २१:२० हे इंग्रजी प्रमाण आहे. स्थानिक तोफांत वाव यापेक्षा जास्तच असणार, असे मी धरून चालतो.

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या अनेक गडांवर जमिनीवर पडलेल्या तोफांना सागवानी गाडे मिळाले आहेत. काम मोलाचे आहे, आणि आता यातले काही गाडे आधी कॅडमध्ये आखले जातात. इथे जुळणारे दोन भाग म्हणजे तोफेच्या दोन्ही बाजूंचे गोल कान आणि गाड्यातल्या त्यांच्या खाचा. आराखडा काढणारा मुलगा किंवा मुलगी सहसा एका कानाचा व्यास मोजते, दुसरा तसाच धरते आणि सवयीने अर्धा मिलिमीटर सोडते. ओतीव तोफेचे दोन कान सारखे नसतात. गंजाच्या पापुद्र्याखाली एखादा कान अंडाकृतीही निघतो. सागवान इतर लाकडांपेक्षा कमी हलते, तरी मुळशीच्या पावसात ते रेषांच्या आडव्या दिशेने फुगतेच. लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही. म्हणजे खाच पावसाळ्यात एका दिशेने आवळते. शेकडो किलोंचे लोखंड अशा खाचेत अडकले की फळी रेषेवर चिरते, आणि तोफ पुन्हा जमिनीवर.

म्हणून, ज्यांच्या हाती असे काम येईल त्यांच्यासाठी: पुरातत्त्व खात्याची परवानगी हाती असल्याशिवाय तोफेला हात लावू नये, गंज खरवडू नये. प्रत्येक कान मुळाशी, मध्ये आणि टोकाला, उभा आणि आडवा, असा सहा जागी मोजावा. त्या कानाचे सर्वांत मोठे माप घ्यावे, सरासरी नको. डाव्या व उजव्या खाचेचे आराखडे वेगळे काढावेत. वाव बाजूंना व वर ठेवावा, खाली नको, कारण वजन खाली पूर्ण टेकले पाहिजे. फळीच्या रेषा कोणत्या दिशेने धावतात ते पाहून आडव्या दिशेला जादा जागा सोडावी. आकडा मिलिमीटरांत येईल, मायक्रॉनांत नाही, आणि यंत्रशाळेत काम केलेल्या मित्राला तो पाहून हसू येईल. त्याला कोराईगडावर जुलैमध्ये न्यावे.